कावळ्यासाठी पुडी

तोंडाच्या कर्करोगाच्या गाठी तपासणं हे माझं रोजचं काम. आपल्या शरीरात मांस पोखरणारी काही एन्झाइमं असतात. जखम भरताना फाटकं-तुटकं साफ करणं हे त्यांचं काम. गाठीत मात्र त्यांची जनुकं अशी चेकाळतात, की जबड्यातला रोग वाट कुरतडत मानेत उतरतो. ती किती चेकाळली, ते मी प्रयोगशाळेत मोजतो. गाठींची मला किळस येत नाही. माणसांची येते.

केदारखेड्याला आमचे मोठे काका याच रोगानं गेले. जबडा काढला, तरी रोग मानेत उतरलाच. शेवटी गालाला भोक पडलं आणि पाजलेलं पाणी तिथून गळायला लागलं. भेटायला येणारे नाकाला रुमाल लावून बसायचे आणि बाहेर पडले की ओट्यावरच तंबाखू मळायचे. पिंक टाकून वर म्हणायचे, "लई हाल झाले बिचाऱ्याचे." मला ओकारी यायची.

काकांचा तो गाल रोज धुतला माझ्या धाकट्या भावानं. जालन्याच्या एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यातली ड्यूटी संपवून तो मोटारसायकलवर गावी यायचा. त्याच्याही गालात मला मागं गुटख्यानं पडलेला पांढरट पट्टा दिसला होता. काकांच्या उशाशी त्यानं शपथ घेतली, "दादा, गुटखा सोडला. बिलकुल सोडला."

निरोगी तोंडात आपली तीन बोटं एकावर एक उभी सहज जातात. गाल आतून आवळत गेला, की जात नाहीत. शहरात परतल्यावर मी दर रविवारी फोनवर विचारायचो, "तीन जातात का?"

"बराबर जातेत," तो म्हणायचा.

दहाव्याला पूर्णेच्या काठी पिंड मांडला. कावळे बाभळीवर बसून राहिले, खाली येईनात. कुणी काकूला सांभाळायचा शब्द दिला, कुणी शेत न विकायचा. तरी काही नाही. मग एक चुलते म्हणाले, "त्याचा जीव पुडीत अडकलाय. गुटख्याची पुडी ठिवा बाजूला."

"ज्यानं माणूस खाल्ला तेच वाढता त्याला?" मी ओरडलो.

"तुझं शिक्षण तिकडं ठिव. जल्दी करा, ऊन वाढून राह्यलं."

पण पुडी कुणी काढेना. लाल दातांचे सगळे एकाएकी सोवळे झाले. शेवटी भावानं माझ्याकडं न बघता पँटच्या चोरखिशातून पुडी काढली. अर्धी पिंडाशेजारी ओतली. उरलेली दुमडून परत खिशात ठेवली.

कावळा उतरला. गुटख्याला चोचही न लावता भाताचा घास घेऊन गेला. "शिवला, शिवला!" लोकांनी हात जोडले. भाऊ हुंदके देऊन रडत होता, काकांना पोचवलं म्हणून. मला त्या सगळ्यांची शिसारी आली, आणि त्याहून जास्त माझी. दुसऱ्यांच्या गाठींतली जनुकं मोजत बसलो आणि सख्ख्या भावाचं तोंड फोनवर तपासलं.

परतताना बांधावर त्याला थांबवलं. "बोटं घाल."

"आत्ता कशाला, दादा?"

"घाल म्हणतो ना!"

त्यानं तीन बोटं उभी धरून तोंडाकडं नेली. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं.

"जाईल, थांब," असं कसंबसं म्हणत तो जोर लावायला लागला.