नऊ बेबाक्या आणि एक खातं

पैसे आगाऊ देण्याच्या बाबतीत आमच्या थोरल्या साडभाऊंचा हात धरणारा माणूस मला नागपुरात अजून भेटलेला नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, तिचे हे यजमान. सायकलरिक्षात पाय ठेवण्याआधी ते भाडं रिक्षावाल्याच्या हातावर ठेवत आणि मगच "चाल गा" म्हणत. एकदा एक रिक्षावाला बर्डीपर्यंतचं भाडं घेऊन, हे बसायच्या आतच निघून गेला. साडभाऊ पायी आले आणि मला म्हणाले, "त्याचं तो पाहीन. माझा व्यवहार पूर्ण झाला." पोह्यांवर तिखट रश्श्याची तर्री जास्तीची लागेल असं वाटलं, तर तिचे पैसे पोहे हातात येण्याआधी देत. लग्नाला गेले की आहेर मांडवाच्या दारातच देऊन टाकत. जेवणानंतर द्यायचा म्हणजे मधला दीड तास देणेकरी म्हणून पंगतीत बसायचं, हे त्यांना जमत नसे. माझ्याकडे चहा घेतला की आठ दिवसांच्या आत मला त्यांच्याकडे चहाला जावंच लागे. एकदा मी तापाने पडलो होतो, तर ते थर्मास घेऊन आले आणि माझा कप रिकामा होईपर्यंत खुर्चीवरून हलले नाहीत.

याला त्यांची नोकरी थोडी कारणीभूत होती. ते वजनमापे निरीक्षक होते. इतवारीतल्या सोनाराच्या काट्यापासून कळमन्याच्या धान्याच्या काट्यापर्यंत शेकडो काटे त्यांनी तपासले होते. "ज्याचा काटा पाहाचा, त्याच्या वहीत आपलं नाव कसं असन?" हा त्यांचा सवाल असे. त्यामुळे त्यांच्या घरात उधारी नव्हती, हप्ता नव्हता, सोसायटीचं कर्जही नव्हतं. आमच्या घरी पंखा हप्त्यावर आला तेव्हा ते त्याच्याखाली बसेनात. हप्ते फिटेपर्यंत ते ओसरीतच बसले. मी स्वतः हिशेबी माणूस आहे, पण माझा हिशेब त्यांच्यापुढे ढिलाच वाटायचा.

अशा माणसाने निवृत्तीच्या उंबरठ्यावर क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला, ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून ऐकली नसती तर मला खरी वाटली नसती.

कारण त्यांची मुलगी होती. एकुलती एक, मद्रासला दिलेली. जावई जहाजावर नोकरीला, सहा सहा महिने घरी नसे. आदल्या वर्षी ती अचानक आजारी पडली. दवाखान्याने अनामत मागितली. नागपुराहून तारेने पाठवलेले पैसे पोहोचायला दोन दिवस लागले, आणि तोवर मुलीच्या हातातल्या सोन्याच्या दोन बांगड्या दवाखान्याच्या रोखपालाच्या कपाटात राहिल्या. पैसे भरल्यावर त्या परत मिळाल्या. पण हे कळल्यापासून साडभाऊंचं जेवणात लक्ष नव्हतं. आता तिला दिवस गेले होते. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती, म्हणून बाळंतपणाला ती माहेरी येऊ शकत नव्हती, आणि ऑपरेशन लागेल असंही सांगितलं होतं. त्या दवाखान्यात कार्ड चालतं, असं जावयाने पत्रात लिहिलं होतं. "पैशाची वाट पाहत माझी पोरगी पुन्हा बसली नाही पाहिजे," साडभाऊ म्हणाले, आणि बँकेत जाताना मला सोबत घेऊन गेले.

अर्ज इंग्रजीत होता. साडभाऊंनी सरकारी सवयीने, टाकाने कोरल्यासारख्या अक्षरात तो भरला. घेतलेली कर्जे? निरंक. चालू हप्ते? निरंक. पूर्वी कोणाकडून उधारीवर व्यवहार? निरंक. एकूण अकरा ठिकाणी निरंक लिहून त्यांनी अर्ज अशा थाटात पुढे सरकवला, की जणू पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलाची गुणपत्रिका दाखवत आहेत.

बँकेतला अधिकारी पुण्याकडचा, तरुण आणि सभ्य होता. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"काका, यात काहीच नाही."

"नाहीच आहे. तीस वर्षांत कोणाचा एक पैसा घेतला नाही."

"तीच अडचण आहे. तुम्ही कधी घेतलंच नाही, तर घेतलेलं परत करता की नाही, हे आम्हाला कसं कळणार?"

साडभाऊंनी चष्मा काढला. "म्हणजे मी घेऊन फेडलं असतं तर चाललं असतं?"

"चाललं असतं."

"अन् घेतलंच नाही, तर चालत नाही?"

अधिकारी ओशाळला. निवृत्ती जवळ आलेली, पूर्वीचा व्यवहार नाही, वरचे लोक अर्ज परत पाठवतील, असं त्याने समजावून सांगितलं. तुमच्या व्यवहाराबद्दल दोन-चार व्यापाऱ्यांची पत्रं आणलीत तर मी शिफारस करून पाहतो, असंही म्हणाला.

इथे साडभाऊंनी चूक केली, आणि ती तेच करू शकत होते. आमच्याकडे सोसायटीचं कर्ज फिटलं की 'यांच्याकडे आता काही बाकी नाही' असं लिहून देतात. त्या कागदाला बेबाकी म्हणतात. व्यवहाराचं पत्र म्हणजे बेबाकी, असं साडभाऊंनी ठरवून टाकलं, आणि ज्यांचं कधी काही देणं नव्हतं अशा प्रत्येकाकडून ती गोळा करायला ते निघाले.

वजनमापे निरीक्षक दारात येऊन लेखी कागद मागतो म्हटल्यावर काय होणार? गवळ्याने लिटरचं माप धोतराला पुसून पुढे केलं. "माप नको गा, मले कागद पाहिजे," असं साडभाऊ म्हणाले, तेव्हा तो जास्तच घाबरला. न्हावी तर हात जोडून उभा राहिला. "साहेब, माझ्याजवळ काटाच नाही! कैची अन् वस्तरा आहे, पाहून घ्या!" शिंप्याने टेप लपवला. चार दिवसांत मोहल्ल्यात बातमी पसरली, की साहेबांवर काहीतरी चौकशी लागली आहे. दोघे तिघे तर धीर द्यायला रात्रीच्या जेवणाच्या वेळी डबा घेऊन आले. साडभाऊंनी डब्यांची नोंद करून ठेवली, कारण ते परत भरून द्यायचे होते. असं करत नऊ बेबाक्या जमल्या. न्हाव्याच्या कागदावर अंगठा होता.

दहावी घ्यायला आम्ही किराणा दुकानात गेलो. हे शेठजी त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी होते. पंधरा वर्षांपूर्वी साडभाऊंनी त्यांचं अर्ध्या किलोचं एक झिजलेलं वजन जप्त करून दंड केला होता. त्यामुळे बेबाकी मागताना साडभाऊंचा आवाज जरा कडकच होता.

शेठजींनी शांतपणे वही उघडली. "देतो ना साहेब. पण आधी एकशे बेचाळीस रुपये साठ पैसे आले पाहिजेत."

"कोणाकडून?"

"तुमच्या घरून. ताईंच्या खात्यावर. दोन तारखेले देतात त्या, म्हणून मी मागत नाही. पण आज बाकी आहे, तर बेबाकी झूठी कशी लिहू?"

साडभाऊ साखरेच्या पोत्यावर बसले. विचारल्याशिवाय कोणाच्या पोत्यावर बसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. खातं कधीपासूनचं आहे, हे मीच विचारलं. शेठजींनी माळ्यावरून एक जुनी लाल वही उतरवून घेतली, फुंकर मारून धूळ उडवली आणि पान काढून साडभाऊंच्या मांडीवर ठेवलं. चोवीस वर्षांपूर्वीचं पान होतं. पहिली नोंद: डिंक पाव किलो, खोबरं, गूळ, सुंठ, तूप अर्धा किलो.

ते सामान कशासाठी होतं, हे सांगायची गरज नव्हती. मुलीचा जन्म झाला तेव्हा साडभाऊंनी प्रसूतिगृहाचं सगळं बिल एकरकमी रोख भरलं होतं. ही हकीकत ते अभिमानाने सांगत, मीच ती सहा वेळा ऐकली होती. त्या बिलानंतर घरात काय उरलं, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. मी मनातल्या मनात हिशेब केला. त्या महिन्यात दहा दिवसांचा खड्डा पडला. दोन तारखेला ताई खातं चुकतं करत, त्यामुळे नव्या महिन्याचे पैसे पुन्हा वीस-एकवीस तारखेला संपत. चोवीस वर्षं ते घर दहा दिवस मागे चालत होतं.

साडभाऊंनी खिशातून पाकीट काढलं. शेठजींनी वहीवर हात ठेवला. "नाही साहेब. ताईंचं खातं ताईच चुकवतील."

"मी तुमचं वजन जप्त केलं होतं," साडभाऊ म्हणाले.

"केलं होतं. वजन खराबच होतं. ताईंचं सामान त्या महिन्यातही गेलं."

घरी ताई मेथी निवडत होत्या. साडभाऊ दारातूनच म्हणाले, "मी त्याचा काटा तपासत होतो वं!"

ताईंना काही विचारावं लागलं नाही. "मंग? तपासला ना? दंड केला ना? मी आडवी आली का?"

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय केलं असतं तुम्ही? जेवण सोडलं असतं दहा दिवस. पोरगी अंगावर पीत होती, मले जेवाचं होतं." मग मेथीची जुडी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "अन् शेठ कमी तोलत होता म्हणाल, तर मी घरी पुन्हा तोलून पाहत होती. तुमचीच बायको आहे."

दोन तारखेला ताईंनी खातं चुकवलं आणि शेठजींनी पत्र दिलं. बेबाकी नव्हतीच ती. 'यांच्या घरचं खातं आमच्याकडे चोवीस वर्षं आहे, दर महिन्याला वेळेवर चुकतं होतं,' एवढंच लिहिलेलं होतं. बँकेतल्या अधिकाऱ्याने नऊ बेबाक्या आदराने बाजूला ठेवल्या, दहावा कागद वाचला आणि म्हणाला, "काका, हे आधीच का नाही आणलंत?"

कार्ड आलं ते बाळंतपणाच्या अकरा दिवस आधी. मर्यादा छोटी होती, पण अनामतीपुरती होती. ताई मद्रासला आधीच गेल्या होत्या. साडभाऊ मागाहून गेले. ऑपरेशन करावं लागलं. ते भल्या पहाटे ठरलं, आणि खिडकीवरच्या माणसाने कार्ड लोखंडी यंत्राखाली दाबून त्याचा ठसा घेतला. साडभाऊंनी सही केली आणि मुलीला लगेच आत नेलं. मुलगी सुखरूप, नातू सुखरूप.

परत आल्यावर साडभाऊंनी मला हे सगळं सांगितलं. ऑपरेशन चालू असताना ते ताईंच्या शेजारी बाहेरच्या बाकावर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पैसे न देता काही घेतलं होतं, आणि खिडकीवरचा माणूस आत्ता हाक मारून पैसे मागेल म्हणून ते सारखे तिकडे वळून पाहत होते. त्यांनी ताईंना विचारलं, "तुले चोवीस वर्षं असंच होत होतं का वं?"

ताई म्हणाल्या, "पहिल्या दोन-तीन महिन्यांत झालं. मंग पोरीचं करण्यात ध्यानच नाही राहिलं."

बिल यायच्या आधीच साडभाऊ पैसे भरायला बँकेत गेले आणि ते कुठे जमा करावेत, हे तिथल्या लोकांना कळेना, हे वेगळं सांगायला नको. कार्ड त्यांनी पुन्हा वापरलं नाही. पण एक बदल झाला. आजवर ते पहिल्या तारखेला पगारातून घरखर्चाचे पैसे मोजून ताईंच्या पुढे ठेवत असत. मद्रासहून आल्यावर पगाराचं पाकीट ते न उघडता, न मोजता ताईंच्या हातात देऊ लागले. ज्याने हयातभर दुसऱ्यांची मापं तपासली, त्याने स्वतःचं पाकीट उघडूनही पाहू नये, याचं मला फार नवल वाटलं. तेव्हा त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीत अशी पाकिटं ताईंच्या हातात सातच पडली.