हुकाचा सौदा

सांगलीच्या हळदीच्या पेठेत आम्ही दोघं हमाली करायचो, तो लढाईचा काळ. रॉकेल रेशनवर, कापड रेशनवर, हळद मात्र ढिगांनी. आम्ही दोघंही उंब्रजच्या बाजूचे, एकाच आळीत वाढलेले. कराडहून एकाच गाडीनं आलो आणि एकाच अडत्याकडे कामाला लागलो. तो माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आणि माझ्या दहापट हट्टी.

त्या पेठेत काम करणारा माणूस वर्षभर पिवळा असायचा. संध्याकाळी कृष्णेवर जाऊन अंग कितीही घासलं तरी तळहातावरच्या रेषांतली हळद काही निघायची नाही. ‘‘गड्या, मला हळद रोज लागती, नवरी तेवडी कुटं अडकलीया बग,’’ असं तो म्हणायचा आणि आपणच मोठ्यानं हसायचा. तसं हसणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. आजही त्या बाजूनं गेलो की आधी ते हसू आठवतं, मग हळदीचा वास येतो.

एका गोष्टीवरून मात्र आमचं भांडण व्हायचं. कुणाचं काही फुकट घेणं त्याला ठाऊकच नव्हतं. मी चहा पाजला की दुसऱ्या दिवशी हा मला चहा पाजल्याशिवाय पोत्याला हात लावायचा नाही. मी वैतागायचो. ‘‘मैतरात कसली रं परतफेड?’’ तर म्हणायचा, ‘‘आयची शिकवन हाय. तिला जाऊन इच्यार.’’ त्याची आई मागाहून त्याच्याकडं राहायला आली होती आणि पेठेतच हळद निवडायला यायची. तिला विचारायची माझी छाती नव्हती.

एके दिवशी दुपारी भाकरी खाऊन तो पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला. रोजच बसायचा. गाडी भरायची वेळ झाली तशी मी हाक मारली. उठेना. सोंग करतोय असं वाटून मी त्याच्या पाठीत एक रट्टा हाणला, तर तो बाजूला कलंडला. ताप नाही, खोकला नाही, सकाळी माझ्याशी भांडून दोन भाकरी जास्त खाल्लेला माणूस. डॉक्टर आले आणि काळीज बंद पडलं म्हणाले. मी त्यांच्यावरच ओरडलो.

पेठेमागच्या त्यांच्या खोलीत त्याला नेऊन ठेवलं. आई उशाशी बसली. घरात काहीच नव्हतं, आणि लढाईमुळं लाकूडही सोन्याच्या भावानं विकलं जात होतं. मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दुकानामागून दुकान फिरलो. हमालांनी खिसे उलटे केले. हळद निवडणाऱ्या बायकांनी पदराच्या गाठी सोडल्या. एका शेठनं मान वर न करता नाणं भिरकावलं. ते त्याच्याच कपाळावर मारावंसं वाटलं, पण राग गिळून पुढं गेलो. दिवस मावळायच्या आत त्याला घाटावर न्यायचं होतं.

टॉवेल आईपुढं ठेवला. तिनं तो परत माझ्याकडं सरकवला.

‘‘कुनाचं हाय ह्ये?’’

‘‘समद्यांचं, मावशी.’’

‘‘माज्या लेकानं कुनाचा चा बी फुकट घेतला न्हाई. त्येला धर्माच्या लाकडांवर निजवायचा न्हाई.’’

आम्ही विनवण्या केल्या. बायका रडल्या. ती हलेना. मला तिचा संताप आला आणि त्याच वेळी असं वाटलं, की हा पठ्ठ्या जिवंत असता तर आईच्याच बाजूनं भांडला असता.

आमचा अडत्या दारात उभा होता. तोंडाचा फटकळ, हमालांना शिव्या देण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. तो आत आला. कोपऱ्यात पोती ओढायचा लोखंडी हूक पडला होता, माझ्या दोस्ताचा. तो उचलून म्हणाला, ‘‘धर्म नगं तर नगं. माल इकायला तर हरकत न्हाई? ह्या हुकाचा सौदा काढू.’’

आमच्या पेठेत भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या हातावर रुमाल टाकायचा, घेणारा त्याखाली हात घालून त्याची बोटं दाबायचा. कोण किती बोललं ते त्या दोन हातांखेरीज कुणाला कळायचं नाही.

अडत्यानं रुमाल पसरला. आईनं तो ओढून स्वतःच्या हातावर घेतला. ‘‘माल माजा हाय. भाव बी मीच बगनार.’’ नवरा होता तेव्हा त्याच्याबरोबर घरची हळद घेऊन ती याच पेठेत यायची. बोटांची भाषा तिला पाठ होती.

एकेक हमाल खाली बसला आणि रुमालाखाली हात घालून उठला. प्रत्येकाला ती नाही म्हणत गेली. जुन्या हुकाची काय किंमत असते हे तिला ठाऊक होतं आणि ही मंडळी वाटेल ते बोलत असणार. ‘‘खोटा भाव नगं,’’ एवढंच म्हणायची. बाहेर उन्हं उतरू लागली होती.

शेवटी मी बसलो. ठरवून आलो होतो, इतकी बोटं दाबायची म्हणून. रुमालाखाली तिचा हात लागला. खरखरीत, रेषांत हळद रुतलेला. हुबेहूब त्याचा हात. माझी बोटं जागच्या जागी राहिली. मी नुसता तो हात धरून बसलो. तिनंही सोडला नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मला सगळ्यांसमोर रडू फुटलं.

‘‘दिला,’’ ती मोठ्यानं म्हणाली.

अडत्यानं हूक माझ्या हातात ठेवला. हुकाचे पैसे म्हणून मी टॉवेल तिच्या ओटीत ठेवला. तिनं तो उघडून पाहिला नाही, माझ्याकडंच परत दिला. ‘‘जा, लाकडं आन जा,’’ म्हणाली, आणि लेकाला आंघोळ घालायला उठली.

अंधार पडल्यावर घाटावरून परतलो. वाटेत जो तो मला विचारत होता, कितीला घेतलास रं? मी म्हणालो, रुमालाखालचा भाव सांगायचा नसतो. पुढंही कुणी विचारलं तर हेच सांगत आलो. भाव झालाच नव्हता, हे तिला ठाऊक होतं आणि मला.