काकांचं अक्षर

"टाइप तिलाच करू दे. इंग्लिश मीडियमची आहे, नीट लिहील."

डॉक्टर केबिनमध्ये फोनवर वकिलांशी बोलत होते. दार अर्धं उघडं होतं. मी बाहेर रिसेप्शनवर उद्याच्या अपॉइंटमेंट लिहीत होते. ऐकलं, आणि मान वर न करता लिहीत राहिले.

मी सांगतेय ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे, शेवटी मी जे बोलले ते त्या केबिनमधल्या तिघांना माहीत आहे. आता घरीही कळलंय. केस चालू आहे, गोळ्यांची सवय सोडवायचे उपचार चालू आहेत. पण त्याच्या आधीचं? ते फक्त माझ्याकडे आहे.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना. मी तिथे रिसेप्शनिस्ट, म्हात्रे काका कंपाउंडर. काका कुळगावचे. माझं वय जेवढं, तेवढी त्यांची तिथली नोकरी. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी इतकं हळू बोलायचे की पेशंट काउंटरवर वाकून "काय?" विचारायचे. मग काका मागून म्हणायचे, "जरा मोठ्यानं बोल गं. इंग्लिशमध्ये बोल हवं तर, पण आवाज तरी येऊ दे." पेशंट हसायचे. मीही हसायचे.

गेल्या वर्षी खरवईजवळ माझी स्कूटी घसरली. कॉलरबोन मोडलं. डॉक्टरांनीच प्लेट बसवली आणि पंधरा दिवसांसाठी ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी लिहून दिली. हाड जुळलं, दुखणं गेलं. गोळी मात्र — कसं सांगू? गोळी घेतली की माझा घसा सुकायचा नाही. अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघून मी अख्खं वाक्य बोलायचे. काकांना वाटलं, पोर अपघातानंतर धीट झाली. नाही घेतली तर दुपारी नाक गळायचं, जांभयांवर जांभया, पाय एका जागी ठरायचे नाहीत. सर्दी झालीय, म्हणायचे. एका माणसाला किती वेळा सर्दी होते?

ती गोळी कुणालाही मागून मिळत नाही. डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी लागते. मेडिकलवाला पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहितो, चिठ्ठीची कॉपी ठेवतो. खोटी चिठ्ठी केली तर तुरुंगापर्यंत जाऊ शकतं, आणि देणाऱ्या दुकानाचं लायसन्स जाऊ शकतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. चिठ्ठी हरवलेल्या पेशंटना काउंटरवर मीच हे समजावून सांगायचे.

डॉक्टर ऑपरेशनला गेले की जुने पेशंट खोळंबायचे. म्हणून ते पॅडच्या पाच-सहा कोऱ्या पानांवर सही करून काकांकडे ठेवायचे. काका जुनी चिठ्ठी बघून तीच औषधं नव्या पानावर उतरवून द्यायचे. असं करायचं नसतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तिघांचीही सोय होती. समोरच्या मेडिकलमधले सिंधी अंकल काकांचं अक्षर ओळखायचे. ते अक्षर दिसलं की पुढे काही विचारायचे नाहीत.

मी काकांच्या खणातून पानं घेतली. इथवर तुम्हाला अंदाज आलाच असेल. पण मला सांगायचं आहे ते हे नाही.

माझं अक्षर गोल, टपोरं आहे. शाळेत टीचर वही वर धरून वर्गाला दाखवायच्या. त्या अक्षरात चिठ्ठी लिहिली असती तर अंकलनी लगेच फोन केला असता. म्हणून मी आठवडाभर घरी बसून काकांचं अक्षर गिरवलं. इंग्रजी टीवरची लांब आडवी रेघ. डावीकडे कललेले आकडे. शून्य पुरतं न मिटता राहिलेली फट. आई चहा ठेवून जायची. तिला वाटायचं बँकेच्या परीक्षेचा अभ्यास चाललाय. त्या आठवड्यात माझ्या मनात आलं नाही का, की सापडलं तर कोण सापडेल? आलं होतं. अगदी स्पष्ट आलं होतं. मी पुढचं पान घेतलं आणि गिरवत राहिले.

अकरा चिठ्ठ्या. एकदाच येऊन गेलेल्या पेशंटची नावं. त्यांना चालवत नाही, मी नेऊन देते, असं मी अंकलना सांगायचे. ते म्हणायचे, "बेटी, तू तो सेवा करती है."

मग औषध निरीक्षकांनी अंकलचं रजिस्टर तपासलं. त्यातल्या दोन पेशंटना फोन लावला. त्यांनी असली गोळी कधी घेतलीच नव्हती. अकरा चिठ्ठ्या डॉक्टरांच्या टेबलावर आल्या. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून एकेक पान डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"अक्षर माझंच दिसतंय," ते म्हणाले. "पण हे मी लिहिलेलं नाही."

असं म्हणणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवेल? डॉक्टरांनी मला विचारलं, सहीची पानं कुणाकडे असायची. मी म्हटलं, काकांकडे. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. काका माझ्याकडे बघत होते — रागाने नाही, मी खरं तेच सांगतेय, अशा नजरेने. माझ्या पर्समध्ये तेव्हा दोन गोळ्या होत्या. आजचा दिवस निघेल, एवढंच माझ्या मनात आलं. आणि हायसं वाटलं. हेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

काकांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात निरीक्षकांना काकांच्या सहीने द्यायचं लेखी उत्तर तयार करायचं ठरलं. त्याच वेळी मी ते फोनवरचं वाक्य ऐकलं. डॉक्टर सांगत गेले, मी इंग्रजीत टाइप केलं. दीड पान. सगळ्या चिठ्ठ्या काकांनी लिहिल्या, डॉक्टरांना कल्पना नव्हती, अंकलचा दोष नाही. मी प्रिंट काढली, स्टेपल केली.

काकांना सहीला बोलावलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. केबिनमध्ये डॉक्टर, अंकल आणि ते. काकांनी पान उलटसुलट पाहिलं. औषधांची नावं वाचण्यापुरतं त्यांचं इंग्रजी. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

"तू वाच गं. मराठीत सांग. तू सांगशील ते बरोबरच असणार."

पेनाचं टोपण त्यांनी आधीच काढलं होतं.

माझ्या गोळ्या कधीच संपल्या होत्या. नाक गळत होतं, घसा कोरडा पडला होता. मी कागद घेतला आणि काहीतरी बोलले. माझं मलाही ऐकू आलं नाही.

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"जरा मोठ्यानं बोल गं," काका म्हणाले, नेहमीसारखेच.

मी मोठ्याने म्हणाले, "काका, यात लिहिलंय की चिठ्ठ्या तुम्ही लिहिल्या. त्या मी लिहिल्या. तुमचं अक्षर मी घरी बसून गिरवलं."