नवव्या गाळ्याचा आवाज

नदीवरच्या रेल्वेपुलाला चौदा गाळे होते आणि त्यातले दक्षिणेकडचे सात कानवाल्यांच्या ताब्यात होते. कानवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. अठ्ठावीस वर्षं हा माणूस हातोडी घेऊन पुलावरून चालत होता. लोखंड जोडणाऱ्या एकेका रिव्हेटवर टोला मारायचा, मान वाकडी करून ऐकायचा आणि पुढं सरकायचा. घट्ट बसलेलं रिव्हेट खणखणीत वाजतं, सैल झालेलं बद्द बोलतं. तो फरक त्यांच्याइतका कुणाला कळत नसे, म्हणून स्टेशनात सगळे त्यांना कानवालेच म्हणत. बायको म्हणायची, "मी चार हाका मारल्या तरी यांना ऐकू येत नाहीत, पण लोखंडाला सर्दी झाली की लगेच कळतं!"

उरलेले सात गाळे उत्तर काठावरच्या मिस्त्रीकडे. दोघं रोज दहाच्या सुमारास पुलाच्या मध्यावर भेटत, रुळाशेजारच्या फळीवर बसून चहा पीत. कानवाले त्याला 'पलीकडचा' म्हणत आणि तोही यांना 'पलीकडचा'च म्हणे. त्या माणसाचा हात म्हणजे नजर लागावी असा. रिव्हेट बदलून तो वर असा काही रंग चढवायचा, की नवं कुठलं आणि जुनं कुठलं हे कुणाच्या बापाला सांगता येऊ नये. आपल्या पुतण्यासाठी कानवाल्यांच्या लेकीला त्यानंच मागणी घातली होती. लेक नदीपलीकडं नांदायला गेली. बारा मिनिटांची गाडी होती, दर रविवारी माहेरी यायची.

भांडण लागलं ते बंदरावरून. बंदर दक्षिणेत, खाणी उत्तरेत, आणि माल कुणाचा, जकात कुणाची, यावर दोन्ही प्रांतांची डोकी फिरलेली. आधी भाषणं झाली, मग दगडफेक, मग दोन राजधान्या, दोन सेनापती. एका सकाळी कानवाले मध्यावर पोचले तर फळीच्या जागी वाळूच्या गोण्या होत्या आणि रुळांवर आडवा लाल पट्टा ओढलेला होता. पट्ट्यापलीकडं पलीकडचा उभा होता. शेजारी बंदूकवाला.

"चहा राहिला आज," पलीकडचा म्हणाला.

"लेक बरी आहे ना?"

"बरी आहे. मी आहे तिथं, तू घोर लावून घेऊ नकोस."

बंदूकवाला खाकरला आणि पलीकडचा मागं फिरला.

त्यानंतर आठ महिने युद्ध चालू राहिलं. चालू कसलं, अडकून पडलं. वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे सगळे पूल उडवले गेले. एवढा एकच उरला, कारण तो दोघांनाही हवा होता. ज्याच्या तोफा आधी पलीकडं जातील तो जिंकणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. उतारूंच्या गाड्या बंद झाल्या. जखमींच्या गाड्या तेवढ्या यायच्या, पडदे ओढून, आणि फलाटावर लोक आपोआप हळू बोलायला लागत. लेकीचं पत्र यायचं थांबलं. बायको रोज जेवताना एकदा म्हणायची, "आता तिकडं काय करत असेल हो?" आणि उत्तराची वाट न बघता ताटं उचलायची.

मग एकाएकी उत्तरेच्या शिपायांनी पुलावरची चौकी उठवली. गोण्या तशाच टाकून गेले. गावात आनंदीआनंद झाला. शत्रूचं अवसान गळालं, असं जो तो म्हणू लागला. कानवाल्यांना मात्र काही ते खरं वाटेना. एवढा पूल कुणी असा सुखासुखी सोडून जातं का?

तिसऱ्या दिवशी दक्षिणेच्या फौजेचा मेजर स्वतः क्वार्टरवर आला. तरुण, नीटनेटका, बोलायला गोड. "काका, चिलखती गाडी पलीकडं न्यायची आहे. सहाशे माणूस आणि सगळ्या मोठ्या तोफा. पूल पेलेल की नाही ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

ते पुलावर गेले. कानवाले पुढं, मेजर मागं, दोन शिपाई त्याच्या मागं. आपले सात गाळे कानवाल्यांना तोंडपाठ होते. लाल पट्टा त्यांनी ओलांडला. आठवा गाळा ठीक वाजला. नवव्यावर त्यांनी पहिला टोला मारला आणि हात जागीच थांबला.

बद्द.

दुसरं, तिसरं, चौथं, सगळी बद्द. वरून बघावं तर रंग एकसंध, कुठं ओरखडा नाही. त्यांनी खिशातला चाकू काढून एका रिव्हेटच्या डोक्याची कड खरवडली. आत लोखंड नव्हतंच. रिव्हेट पोखरून काढलं होतं, वर शिशाची टोपी बसवली होती आणि रंग दिला होता. मुख्य जोडावरची जवळजवळ सगळी रिव्हेटं तशीच होती. रिकामा गाळा उभा राहिला असता, पण चिलखती गाडी वर आली असती तर सरळ नदीत.

कानवाले उकिडवेच बसून राहिले. सहाशेतली निम्मी पोरं याच गावची होती. काहींना त्यांनी फलाटावर गोट्या खेळताना पाहिलं होतं, कान धरून हाकललंही होतं. आणि पलीकडं, तोफांच्या टप्प्यात, लेकीचं घर. बोललं तर लेकीचं घर बुडतं, न बोललं तर ही पोरं. असा विचार त्यांनी केला, पण तो पुरा व्हायच्या आधीच तोंडून शब्द गेले. अठ्ठावीस वर्षं खराब रिव्हेटला चांगलं म्हटलं नव्हतं, ती जीभ आयत्या वेळी कशी वळणार?

"मेजर, यावरून गाडी नेऊ नका. हा गाळा पोकळ आहे."

मेजर खाली वाकला. टोपी पाहिली, बोट फिरवलं. "वरून तर काहीच दिसत नाही."

"दिसणारच नाही. सांधा म्हणून सापडायचा नाही. असा हात एकाच माणसाचा..."

कानवाल्यांनी जीभ चावली. पण शब्द बाहेर पडला होता तो पडलाच.

"कुणाचा?" मेजरनं विचारलं.

कानवाल्यांनी चाकू मिटून खिशात ठेवला.

मेजरनं पुन्हा विचारलं नाही. वही काढली, दोन ओळी लिहिल्या आणि वही खिशात ठेवली. उत्तरेच्या गाळ्यांवर कोण कामाला होतं ते सांगणारं रेल्वेचं जुनं हजेरीपुस्तक त्याच्याच कचेरीत होतं. "दुरुस्तीला किती दिवस?"

"माणसं दिलीत तर वीस."

"नको," मेजर हसला. "राहू दे तसंच. आणि काका, चार दिवस घराबाहेर पडू नका."



दारावर शिपाई बसला. दुसऱ्या दिवशी गावातल्या बायकांना मालधक्क्यावर बोलावणं आलं. संध्याकाळी बायको परतली ती केसांत पेंढ्याच्या काड्या घेऊन. "काय खुळ्याचा बाजार मांडलाय! गणवेशात पेंढा भरायला लावला आम्हाला. सदऱ्याला विजार शिवायची, वर टोपी. पाचशेच्या वर झाले असतील. युद्ध करतायत की भातुकली?"

कानवाल्यांना सगळं कळलं. ताट सारून ते उठले. शिपायाला म्हणाले, मला मेजरना भेटायचंय. शिपाई म्हणाला, मेजर कामात आहेत.

चौथ्या दिवशी, भर दुपारी, उन्हानं रूळ पांढरे पडलेले असताना चिलखती गाडी स्टेशनातून निघाली. चिलखत फक्त इंजिनाला होतं. मागचे डबे जुने, त्यांवर लाकडी ओंडके तोफांसारखे रोखलेले, आणि उघड्या मालवाघिणींत पेंढ्याचे शिपाई खांद्याला खांदा लावून बसलेले. ड्रायव्हरनं पुलाच्या तोंडाशी इंजिनाला पुरी वाफ दिली आणि उडी मारली. कानवाले खिडकीतून बघत होते. एक, दोन, तीन... गाडी सुरळीत चालली होती. नवव्या गाळ्यावर इंजिनाचं नाक खाली गेलं. आवाज नंतर आला. आधी गर्डर दुमडला आणि डब्यामागून डबा, गुपचूप, रांगेत असल्यासारखा पाण्यात गेला.

पलीकडच्या काठावर आरोळी उठली. उत्तरेचे शिपाई खंदकांतून बाहेर पडून धावत काठावर आले. टोप्या उडवत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. वरच्या अंगाला तीन मैलांवर नदीला उतार आहे, चालत पार होण्याजोगा. उन्हाळ्यात छातीभर पाणी. तिथल्या चौकीतले लोकही गंमत बघायला खाली पळाले होते. दक्षिणेची खरी फौज तेवढ्यात तिथून पार झाली आणि काठावर नाचणाऱ्यांच्या पाठीवर आली.

पुढं अकरा दिवसांत युद्ध संपलं. स्टेशनावर बँड वाजला. वर्तमानपत्रात मेजरचा फोटो आला आणि खाली 'एका निष्ठावंत रेल्वे कामगाराची मदत' असा उल्लेख. दोन अधिकारी कानवाल्यांच्या छातीवर पदक लावून गेले. शेजारी पेढे मागायला आले, तेव्हा बायकोनं सांगितलं, त्यांना बरं नाहीये.

दीड महिन्यानं लेक आली. पूल नव्हता, होडीनं आली. आईच्या गळ्यात पडली नाही. दारातच उभी राहिली. नवरा कैद्यांच्या छावणीत होता. घराची मागची भिंत गेली होती.

"काकाजींना मालगुदामाच्या भिंतीशी उभं करून गोळी घातली," ती म्हणाली. पलीकडच्याला ती काकाजी म्हणे. "गाव पडल्यावर तिसऱ्या दिवशी. बाकी कुणाला विचारलं नाही, थेट आमच्या दारात आले, नाव घेऊन. काकाजी अंगात सदरा घालत होते. त्यांच्यातला एक अधिकारी हसून म्हणाला, तुमच्या कामाची फार तारीफ ऐकलीय, तुमच्याच जोडीदाराकडून."

तिनं बापाकडं पाहिलं.

"बाबा, खरं आहे?"

"मी नाव घेतलं नाही," कानवाले म्हणाले. मग मान खाली घालून म्हणाले, "पण मीच. माझ्याच तोंडून गेलं."

लेक म्हणाली, "तुम्ही गप्प बसला असतात तर सहाशे मेले असते. ते मला कळतं. पण मला त्याच घरात परत जायचंय. काकू तिथंच आहेत. त्यांच्यापुढं मी तुमचं नाव कसं काढू?"

आईनं वाढलेल्यातले तिनं चार घास खाल्ले आणि शेवटच्या होडीनं गेली.

वर्षभरात नवा गाळा बसला. चौदाही गाळे आता कानवाल्यांकडं आले. पलीकडच्या काठावर ते पोचले की पाणी भरणाऱ्या बायका घागरी अर्ध्या सोडून निघून जात. तिथल्या भिंतींवर दक्षिणेविरुद्ध काहीबाही लिहिलेलं दिसू लागलं. शिपाई रोज पुसायचे, रोज उमटायचं. मेजर आता तिथला प्रशासक झाला होता. त्यानं एक दिवस कानवाल्यांना कचेरीत बोलावलं, खुर्ची दिली, समोर कागद ठेवला.

"काका, तुम्ही तिकडच्या रेल्वेच्या लोकांना वर्षानुवर्षं ओळखता. हे लिहिणारे कोण असतील? तुमचा अंदाज सांगा फक्त."

कागदावर वीसेक नावं होती. सहाव्या ओळीत जावयाचं नाव होतं. तो महिन्याभरापूर्वीच छावणीतून सुटला होता.

कानवाल्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "मी यातल्या कुणालाच ओळखत नाही," ते म्हणाले.

"कुणालाच? जावयालासुद्धा?"

"लग्नात पाहिला होता. त्यापलीकडं माहिती नाही."

मेजरनं वही उघडली, काहीतरी लिहिलं आणि गोड आवाजात म्हणाला, "बरं. या तुम्ही."

त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला. एका फाट्यावरचं शेवटचं स्टेशन, दिवसाला एक गाडी, आसपास पूल नाही. कानवाल्यांनी सामान बांधलं. पेटी उचलताना बायकोनं विचारलं, "जावयाचं काय होईल हो?"

"माहीत नाही," ते म्हणाले. लेकीला नवा पत्ता कळवणारं पत्र बायकोनं गाडीत बसूनच लिहिलं आणि वाटेतल्या स्टेशनावर टपालपेटीत टाकलं. उत्तर अजून आलेलं नाही.