फिनेल प्यायलेला खड्डा

पहाटे वारा पडला. दोन दिवस नुसता भणाणत होता, पत्रे वाजवत होता, आणि आता एकदम गप्प. ढग गच्च्यांना टेकलेले, पान हलत नव्हतं. असल्या कोंदट हवेत वास जिथल्या तिथे उभा राहतो, हे मासळी बाजारात बावीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको.

काटेवालीने पहिल्या दोन तासांत साठ-सत्तर मासे साफ केले. शेपटीकडून डोक्याकडे सुरी, खवले उडाले. पोटाला चीर, दोन बोटं आत, आतडी बाहेर. कल्ले उपटले, की पुढचा. गिऱ्हाईक आपला मासा घेऊन गेलं की उरलेलं दोन बादल्यांत जाई. एकीत ओलं, दुसरीत डोकी आणि काटे. आजूबाजूच्या ओट्यांवरचंही ती मागून घ्यायची, त्यावरूनच नाव पडलं.

"काटेवाली, तुझं सोनं ने गं, माश्या बसल्यात त्याच्यावर," पलीकडच्या ओट्यावरचा मासेवाला ओरडला.

"हसून घ्या. टोमॅटो मागायला येता तेव्हा कुठे जातं हसू?"

गेल्या आठवड्यातच दोन किलो नेले होते त्याने.

दहा वाजता बादल्यांवर ओलं पोतं टाकून ती घरी निघाली. ती राहायची त्या चार मजली इमारतीच्या मागे, भिंत आणि गटार यांच्यामध्ये, जमिनीचा एक पट्टा होता. पंचवीस पावलं लांब, सहा रुंद. पूर्वी तिथे फुटक्या फरश्या आणि संडासाचं एक तुटकं भांडं पडलेलं असायचं. नवरा गेला त्या वर्षी घरात बसवेना म्हणून तिने ते सगळं उचललं आणि खणायला घेतलं. पहिल्याच वर्षी अंगाशी आलं. ताजी डोकी तिने थेट गुलाबाच्या मुळाशी दाबली. मुळं करपली, आणि रात्रभर गल्लीतल्या मांजरांनी जत्रा भरवली ती वेगळीच. पण शिकली. कोपरभर खोल पुरायचं. ओल्याच्या दुप्पट कोरडं घालायचं. सुताराकडचा भुसा, वाळलेला पाला, काय मिळेल ते. आणि वरून जुन्या, पिकलेल्या खताचं एक घमेलं. त्याला ती विरजण म्हणायची. दुधाला लागतं तसं ह्यालाही लागतं, एवढंच तिचं शास्त्र. चार-पाच महिन्यांनी काटा बोटांत चुरडला की खत झालं.

आता त्या पट्ट्यावर टोमॅटो होते, कोबी होता, घेवड्याचे वेल भिंतीला लागले होते, आणि गुलाबही पुन्हा उभे राहिले होते. आणि आता तोच पट्टा जायची वेळ आली होती. पहिल्या मजल्यावरच्या घड्याळजींनी आरोग्य खात्याला पत्र लिहिलं होतं. उद्या, गुरुवारी अकरा वाजता तपासनीस येणार, आणि घाण आढळली तर खड्डे बुजवून पट्ट्यावर फरशी घालणार, गाड्या लावायला. नोटीस वाचून काटेवालीने ती घडी घालून डब्याखाली ठेवली होती. "येऊ दे की. नाक बरोबर आणेल ना? मग झालं."

इमारतीचा कोपरा वळली आणि ती थबकली.

वास होता. साधासुधा नव्हे, घशात बसणारा. सडलेल्या मासळीचा, आणि त्याच्यावर फिनेलचा.

चार वर्षांत पुरलेल्या खड्ड्याला असा वास कधी आला नव्हता. बादल्या ठेवून ती सगळ्यात नव्या खड्ड्याशी गेली, वरची माती हाताने बाजूला केली आणि मूठ भरून वर काढली. माती काळीकुट्ट, चिकट. त्यात गांडुळं होती, पण दोऱ्याच्या तुकड्यांसारखी लोंबत होती. एकही हलत नव्हतं.

"धाकटे!" तिने खालूनच हाक मारली. "खाली ये आधी!"

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघी एकाच घरात राहायच्या. धाकटी दवाखान्यात साफसफाईला होती, आणि तिच्या मते जगातली कुठलीही अडचण फिनेलने जाते. ती हात पुसत खाली आली. "काय झालं, जाऊबाई?"

"किती ओतलंस?"

"दोनच बाटल्या," धाकटी म्हणाली, आणि मग चेहरा बघून हळू झाली. "काल दुपारी. उद्या तो माणूस येणार म्हणून... वॉर्डात आम्ही असंच करतो. डॉक्टर आले की वास कसा फक्कड यायला हवा."

"अगं, वॉर्डात जंतू मारायचे असतात. हे माझे कामगार होते! तू सगळ्यांना एका दमात झोपवलंस. आता ते मासे कुजवायचे कुणी, तू?"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तुमच्यासाठीच केलं हो. पट्टा गेला तर तुम्ही पुन्हा त्या खिडकीत बसून राहाल. बघवत नव्हतं तेव्हा."

काटेवालीने मुठीतली माती खाली टाकली. म्हणाली, "सुताराकडे जा. म्हणावं, असेल तेवढा भुसा दे. आणि येताना पोती आण."

दुपारभर दोघी खणत होत्या. फिनेल लागलेलं सगळं पोत्यांत भरून कचरागाडीत घातलं. खाली वीतभर माल अजून चांगला होता. त्यावर भुसा, त्यावर दोन घमेली विरजण, पुन्हा भुसा. संध्याकाळी मासळीचा वास गेला. फिनेलचा मात्र गेला नाही, भिंतीनेच पिऊन घेतला होता तो.

गुरुवारी तपासनीस आला. चष्मा, हातात कागद अडकवलेली पाटी, इस्त्रीची पँट. मागून घड्याळजी उतरले. तपासनीसाने एकदाच श्वास घेतला आणि लिहायला लागला. "फिनेल टाकलंय. बाई, झाकायचं काही असल्याशिवाय माणूस फिनेल टाकत नाही."

"मी टाकलं," धाकटी मागून म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. "ह्यांना माहीत नव्हतं. माझं डोकं."

"म्हणजे वास येत होता."

"नव्हता येत," काटेवाली म्हणाली. "हिने टाकल्यावर आला. त्या खड्ड्याचं ऐकू नका, साहेब, तो आजारी आहे. तुम्ही असं करा, ह्या अख्ख्या पट्ट्यात कुठेही बोट दाखवा. मी खणते. वास आला तर फरशी मीच उचलून देईन तुम्हाला."

तपासनीसाने तिच्याकडे पाहिलं. मग मुद्दाम भिंतीजवळ, घड्याळजींच्या खिडकीच्या बरोबर खाली बोट दाखवलं. "तिथे काय पुरलंय?"

"थंडी संपता संपता पुरलं होतं. चार बादल्या."

तिने फावडं मारलं. पाच, सहा, सात घाव. माती मऊ, चहाच्या चोथ्यासारखी. कोपरभर खाली माशाचा एक जबडा सापडला, पांढराफटक, कोरडा. तिने तो दोन बोटांत धरून चुरला आणि भुकटी त्याच्यासमोर धरली. तपासनीस वाकला. आधी लांबून, मग जवळून.

"पावसानंतर येतो तसा वास आहे," तो म्हणाला.

"मग थंडीत काय होतं ते?" घड्याळजी चिडले. "आठ दिवस खिडकी उघडता येत नव्हती!"

"खरं आहे, काका," काटेवाली म्हणाली. "मला ताप होता. बादल्या तशाच राहिल्या. चूक माझीच. पण वर्दी द्यायच्या आधी एकदा दार वाजवायचं होतं की."

"वाजवणार होतो. तुमच्या हातात कायम सुरी असते."

तपासनीस हसला, मग हसू आवरून त्याने लिहिलं, आणि मोठ्याने वाचून दाखवलं. पट्टा राहील. प्रत्येक खड्ड्याला घट्ट झाकण. आजारपणात बादल्या बाजाराच्या कचऱ्यात. फिनेल बंद. आणि तो पुन्हा येईल, न सांगता.

"न सांगताच या. सांगून आलात तर हिला पुन्हा काहीतरी सुचेल."

तो गेला. घड्याळजी जिना चढता चढता थांबले, खाली बघून म्हणाले, "त्या भिंतीजवळच्या मातीची एक कुंडी भरून मिळेल का?"

"उद्या. आज हात रिकामे नाहीत."

धाकटी अजून तिथेच उभी होती. "जाऊबाई, झाकणांचं माप घेऊ?"

"घे. सुताराला म्हणावं, जाड फळ्या लाव, मांजर बसलं तरी वाकायला नकोत."

मग काटेवाली कोबीच्या वाफ्यात उकिडवी बसली. एक पान उलटं केलं, देठाजवळची हिरवी अळी चिमटीत धरली, डब्यात टाकली, आणि पुढचं पान उलटं केलं.