इंजिनाच्या बेताचं विमान

टपाल कचेरीतल्या पितळी ताजव्याच्या एका पारड्यात बाबा एक पातळशी लाकडी पट्टी अलगद ठेवत, आणि जाळीपलीकडे बसलेले तिवारीजी, आमच्या बरखेड्याच्या वसाहतीचे पोस्टमास्तर, दुसऱ्या पारड्यात चिमट्याने एकेक इवलं वजन सोडत. काटा डोलायचा, डोलत राहायचा, मग थांबायचा. हिवाळ्यातलं मऊ ऊन खिडकीतून आत येई आणि लाखेचा, डिंकाचा, जुन्या कागदांचा वास त्या उन्हात तरंगत असे...

"साहब, आज भी कुछ भेजना नहीं है?" तिवारीजी विचारत.

"नहीं तिवारीजी, बस तौलना है," बाबा म्हणत, आणि आलेला आकडा पेन्सिलीने त्या पट्टीवरच लिहीत.

ती पट्टी म्हणजे विमानाच्या पंखातली बरगडी. मी तेव्हा आठ वर्षांची होते. बाबा कारखान्यात टर्बाइनची अजस्र चक्रं तोलून पाहत. क्रेनशिवाय जागचं न हलणारं ते लोखंड कुठे रेसभर जड आहे, हे शोधणं त्यांचं काम. संध्याकाळचा भोंगा झाला, की सायकलींच्या लोंढ्यातून ते घरी येत, हात धूत, आणि तेच हात बोराएवढ्या वजनाच्या लाकडावर पॉलिशचा कागद फिरवू लागत. हे सगळं का सुरू झालं, ते मला फार उशिरा कळलं.

आदल्या उन्हाळ्यात मला भाऊ झाला होता. नऊ दिवसांचा असताना तो इस्पितळातच गेला. मी त्याला एकदाच पाहिलं, काचेपलीकडून, मुठी आवळून झोपलेला. शेजारच्या बायका मला कौतुकाने ताई म्हणू लागल्या होत्या, त्यांनी ते एका दिवसात बंद केलं. आई घरी आली. स्वयंपाक करी, माझ्या वेण्या घाली, पण तिचं चित्त कुठल्या तरी तिसऱ्याच खोलीत असल्यासारखं वाटे – आणि आमच्या क्वार्टरला तर दोनच खोल्या होत्या. बाबा तिच्याशी जेवणाखाण्यापलीकडे काही बोलत नसत. काय बोलावं हे त्यांना सुचत नसावं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आईचा भाऊ, बोटीवर नोकरी करणारा माझा मामा, येऊन गेला. येताना त्याने बाबांसाठी एक खोकं आणलं. त्यात छोट्या विमानाचं चकचकीत इंजिन होतं आणि जमिनीवरून विमान चालवायचा रेडिओ. कॉलेजात असताना बाबा असली विमानं उडवत. कोलांट्या घेणाऱ्या विमानाचा एक जुना नकाशा त्यांनी ट्रंकेत जपून ठेवला होता. नकाशा दहा सी. सी. इंजिनाच्या विमानाचा होता आणि मामाने आणलेलं इंजिन साडेसहाचं. "चालून जाईल," बाबा म्हणाले, आणि कामाला लागले.

व्हरांड्यात लाकडाचा भुसा साचू लागला. यंत्रांच्या खोक्यांतून मिळालेली पाइनची फळी, प्लाय, आणि अगदी थोडं बाल्सा – कापसासारखं हलकं लाकूड. सांगाड्यावर मढवलेलं कापड ताणून बसावं म्हणून त्यावर डोप नावाचा वार्निशसारखा द्रव लावत. त्याला अतिपिकल्या केळ्यांचा उग्र वास येई. तो वास सुटला की आई मधलं दार लोटून घेई. एका दुपारी मात्र ती दारातच उभी राहिली.

"लाकडाशी इतका वेळ घालवता," ती म्हणाली, "माझ्यापाशी घटकाभर बसला असता तर?"

बाबांचा हात थांबला. मग ते पुन्हा पट्टी घासू लागले. आई आत गेली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही दोघं वसाहतीबाहेरच्या माळावर गेलो. इंजिन सुरू झालं, इंधनातल्या एरंडेलाचा जळका वास सुटला, मी धरून ठेवलेली विमानाची शेपटी सोडली. विमान बरंच लांब धावून कसंबसं उठलं. बाबांनी दोन फेऱ्या घेतल्या आणि मग नाक वर केलं. विमान चढलं, चढता चढता मंदावलं, कोलांटीच्या माथ्याशी पोचण्याआधीच जागच्या जागी लटकल्यासारखं झालं... आणि एका पंखावर कलंडून खाली आलं. आवाज फार मोठा नव्हता. बाबांनी सगळे तुकडे वेचले, चादरीत गुंडाळले, आणि ते गाठोडं दोन्ही हातांवर धरून घरी आणलं.

दार आईने उघडलं. तिने बाबांचे हात पाहिले, त्यांवरची ती पांढरी चादर पाहिली, आणि ती मटकन उंबऱ्यावर बसली. "असं आणू नका हो," एवढंच ती म्हणाली. बाबा गाठोडं तसंच धरून तिच्याशेजारी खाली बसले, आणि मी पहिल्यांदाच बाबांना रडताना पाहिलं. इस्पितळातून भावालाही त्यांनी असंच दोन्ही हातांवर नेलं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आत जाऊन पाण्याचे दोन पेले भरून आणले. दुसरं काय करावं ते मला कळेना.

बऱ्याच वेळाने आईने डोळे पुसले आणि चादरीची गाठ सोडली. "कशामुळे पडलं?"

"वजन. इंजिनाला पेलवलं नाही."

"मग दादाला लिहा. मोठं इंजिन आणेल."

"मोठं इंजिन म्हणजे मोठी टाकी, जाड लाकूड, पुन्हा वजन," बाबा म्हणाले. "आहे त्या इंजिनाच्या बेताचंच विमान करायला हवं होतं. मी हट्टाने ओझं घातलं त्याच्यावर."

तिवारीजींच्या ताजव्याच्या फेऱ्या तिथून सुरू झाल्या. तीन किलोंचं विमान दोन-सव्वादोनवर आणायचं होतं. बाबांनी पंख थोडे आखूड केले, पाइन काढून बाल्सा घातलं, उरलेल्या बरगड्यांना गोल भोकं पाडली, जड चाकं बदलली. "शेपटीत एक ग्रॅम वाचवला, की तोल राखायला नाकात घातलेलं तीन ग्रॅम शिसं कमी होतं," ते मला सांगत, आणि मला ते जादूसारखं वाटे. आई आता मधलं दार लोटत नसे. स्टुलावर बसून वाटाणे सोलता सोलता ती आकडे ऐके.

एकदा बाबा मला समजावत होते, की पंखांवरचं जाड कापड आणि त्यावरचा रंग यांनीच किती भार होतो, आणि तलम रेशीम मिळालं तर किती बरं होईल. आई उठली, आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात मोतिया रंगाचं रेशीम होतं, घडी न मोडलेलं. बाळाच्या झबल्यांसाठी, कुंचीसाठी आजीने इंदूरहून पाठवलेलं. जन्माआधी शिवू नये म्हणून आईने ते तसंच ठेवलं होतं.

"हे चालेल?"

"नको," बाबा म्हणाले. "ते राहू दे."

"पेटीत राहून काय करायचंय त्याला?"

त्या दुपारी दोघांनी मिळून पंख मढवले. आईने रेशीम ओलं करून अंथरलं. "उभा धागा पंखाच्या लांबीत घ्या, नाहीतर सुरकुती पडेल," ती सांगे, आणि बाबा निमूटपणे तसं करत. ती कडा ओढून धरी, ते कुंचल्याने डोप लावत. सुकता सुकता रेशीम ढोलकीच्या पानासारखं ताणलं गेलं. बाबांना वर लाल पट्टा रंगवायचा होता. "रंगाचं वजन नाही होत?" आईने विचारलं, आणि बाबा किती तरी महिन्यांनी हसले. पंख उन्हात धरला, की आतल्या सगळ्या बरगड्या दिसत.

संक्रांतीच्या आसपास आम्ही तिघं माळावर गेलो. आईने शाल घट्ट लपेटून घेतली होती. विमान थोडंसंच धावलं आणि उठलं... मग बाबांनी नाक वर केलं. या वेळी इंजिनाचा आवाज दबला नाही. विमान सरळ चढत गेलं, माथ्यावर उताणं झालं, त्या मोतिया पंखांतून ऊन आरपार दिसलं, आणि पूर्ण गोल घेऊन ते सुरुवातीच्या उंचीला परत आलं. बाबांनी क्षणभर आईकडे पाहिलं.

"पुन्हा करा," आई म्हणाली.

मग प्रत्येक रविवारी आम्ही तिघं जाऊ लागलो. शेतांतला गहू पिवळा पडेपर्यंत. अशाच एका रविवारी रेडिओ अचानक मुका झाला. बाबा हातातल्या रेडिओच्या कांड्या हलवत राहिले, पण विमान पूर्वेकडे सरळ रेषेत जात राहिलं, आधी चिमणीएवढं, मग माशीएवढं, आणि मग आम्हाला नुसता आवाज ऐकू येत होता. दुपारपर्यंत आम्ही शेतं, बांध, दोन खेडी पालथी घातली. विमान मिळालं नाही.

"आणखी शोधू या," बाबा म्हणाले.

"जाऊ द्या," आई म्हणाली. "चांगलं उडत होतं."

परतीच्या वाटेवर बाबा सायकल हातात धरून पुढे चालत होते. आईने माझा हात धरला होता. मी काही विचारलं नव्हतं, तरी ती चालता चालता सांगू लागली, की बाळाचं नाक बाबांसारखं होतं, की सातव्या दिवशी त्याने तिचं बोट घट्ट धरलं होतं. आणि मग, पुढे चाललेल्या बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिने मला त्याचं नाव सांगितलं. दोघांनी मिळून ठरवलेलं. बाबा थांबले, मागे न वळता, आणि आम्ही त्यांच्याशेजारी पोचेपर्यंत थांबूनच राहिले.

बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. वसाहतीतली आमच्या ओळीची क्वार्टरं रिकामी आहेत, व्हरांड्यांतून सीताफळीची झाडं वर आली आहेत, आणि माळावर घरं झाली. आई माझ्याकडे असते. तिला अलीकडे पुष्कळ काही आठवत नाही, पण ते नाव आठवतं. कधी दुपारी चहा घेताना ती ते सहज उच्चारते, शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसं. ते नाव ठाऊक असलेल्या आता आम्ही दोघीच आहोत. मी ते इथे लिहीत नाही.