धोंडीरामच्या गुळण्या

नवी पेठेत साड्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून गिऱ्हाईक बोलवायचं, हे धोंडीरामचं काम. जेऊर सोडून सोलापुरात आला तेव्हापासून त्यानं दुसरं काही केलं नाही, पण केलं ते झोकात. फक्त दर थंडीत सर्दी व्हायची, घसा बसायचा, आणि आठवडाभर गडी नुसता हातवारे करत उभा. यंदा मालक उदयसिंहांनी सुनावलं, "औंदा आवाज बसला तर पायरीवर स्पीकर लावीन."

समोरच्या दुकानाचा पंचाक्षरी मात्र मेला कधी शिंकायचासुद्धा नाही. मराठीत बोलवायचा, अक्कलकोटकडची माणसं दिसली की कानडीत. बायका तिकडंच वळायच्या आणि इकडं धोंडीरामचा जळफळाट व्हायचा. कुणी नुसतं त्याचं नाव काढलं तरी ह्याला चहा गोड लागायचा नाही.

एके सकाळी त्याला पंचाक्षरी दुकानामागच्या नळावर दिसला. तपकिरी औषधात पाणी घालून गुळण्या करत होता. हां, म्हणजे गोम इथं होती तर! धोंडीरामनं दुपारीच तसली बाटली आणली. वर काय लिहिलंय ते वाचतो कोण? पंचाक्षरी दोनदा करत असेल, तर आपण आठदा. तो पाणी घालतो, आपण निव्वळ घ्यायचं. चौथ्या दिवशी, ऐन लग्नसराईच्या रविवारी, घशाची अशी आग झाली की तोंडातून शब्द फुटेना.

समोरून पंचाक्षरीनं ते पाहिलं आणि रस्ता ओलांडून आला. "गुळण्या केलास व्हय? पाणी किती घातलास?"

धोंडीरामनं 'अजिबात नाही' अशी मान हलवली.

"पाणी घालून करायचं असतंय की. आन् त्यानं सर्दी टळतीच असं डॉक्टर बी सांगत न्हाय, मी आपला करतो. आता गप ऱ्हा. तुजं बी मीच बोलवतो."

आणि तो दोन्ही दुकानांच्या मधोमध उभा राहिला. एकदा स्वतःच्या दुकानाचं नाव पुकारायचा, एकदा धोंडीरामच्या दुकानाचं. बायका भराभरा पायऱ्या चढायला लागल्या. नोकरी वाचत होती, आणि धोंडीरामला मात्र त्या माणसाचा गळा धरावासा वाटत होता. निदान माणूस वाईट तरी असावा की!

गर्दीच्या आडून, आत गादीवरून उदयसिंहांची हाक आली, "धोंडीराम, आज आवाज काय खणखणीत लागलाय रं!"

एवढ्या वर्षांत मालकानं पहिल्यांदा कौतुक केलं होतं, आणि ते पंचाक्षरीच्या आवाजाचं.